शहराचा हेल्थ प्लॅन सोडून युनियनच्या प्लॅनमध्ये जाताना: फायरफायटरांच्या बदलाचा क्रम नीट कसा लावायचा

‘१ जानेवारीपासून आपला स्वतःचा प्लॅन!’ अशी घोषणा युनियनच्या सभेत होते, टाळ्या पडतात आणि तिथूनच गाडं बिघडायला लागतं. त्या दिवशी शहराकडून क्लेमचा डेटा आलेला नसतो. निवृत्तांचं काय, ते ठरलेलं नसतं. जुन्या प्लॅनमधल्या उरलेल्या बिलांचे पैसे कोण भरणार, हा विषय कुणी काढलेलाच नसतो. मग डिसेंबर संपत आला तरी कार्डं पोचत नाहीत आणि २ जानेवारीला मुलीचं इन्सुलिन घ्यायला गेलेल्या बापाला फार्मसीच्या काउंटरवर ‘तुमचं कव्हरेज दिसत नाही’ असं ऐकावं लागतं.

लास व्हेगस आणि लॉस एंजेलिससारख्या शहरांत फायरफायटरांच्या युनियनचे किंवा त्यांच्या संस्थांचे प्लॅन वर्षानुवर्षं चालू आहेत, म्हणजे गोष्ट अशक्य नाही. पण ती क्रमाने करावी लागते आणि नेमका क्रमच चुकतो. हा लेख अमेरिकेतल्या तीन प्रकारच्या मराठी वाचकांसाठी आहे: शहराच्या एचआर, पेरोल किंवा फायनान्समध्ये काम करणारे, युनियनच्या बेनिफिट्स समितीला मदत करणारे, आणि ज्यांच्या घरात फायरफायटर आहे ते. तिसऱ्या गटाने टप्पा ८ आधी वाचला तरी चालेल. बाकीच्यांनी मात्र वरून खाली जावं.

सगळ्या लेखाचा गाभा एकच: तारीख शेवटी ठरवा. सातव्या टप्प्यापर्यंत तारीख तोंडातून काढू नका.

## टप्पा १: अधिकार आहे का आणि रस्ता कोणता

पहिला प्रश्न कायद्याचा. सरकारी कर्मचाऱ्यांच्या वाटाघाटीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. नॉर्थ कॅरोलिनात शहराने युनियनशी केलेला सामूहिक करार कायद्यानेच बाद ठरतो. टेक्सासमध्ये शहराच्या मतदारांनी मान्यता दिली असेल तरच फायरफायटरांना सामूहिक वाटाघाटीचा पूर्ण हक्क मिळतो. व्हर्जिनियात मे २०२१ पासून मुभा आहे, पण स्थानिक कौन्सिलने तसा ठराव करावा लागतो. दुसऱ्या राज्यातल्या ओळखीच्या युनियनने काय केलं, यावर विसंबू नका.

मग चालू करार काढा आणि आरोग्यविम्याचं कलम शब्दशः वाचा. ‘शहर प्लॅन देईल’ असं लिहिलंय की ‘शहर वर्गणी देईल’? या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. करार मुदतीत असताना हे कलम पुन्हा वाटाघाटीला घेता येतं का, तेही पाहा.

रस्ते साधारण तीन. युनियनने स्वतःचा ट्रस्ट काढून क्लेम स्वतः भरायचे. आधीपासून चालू असलेल्या मोठ्या ट्रस्टमध्ये सामील व्हायचं. किंवा ट्रस्टमार्फत विमा कंपनीची तयार पॉलिसी घ्यायची. माझं मत स्पष्ट आहे: काहीशे कुटुंबांच्या लहान युनियनने एकट्याने स्वतः क्लेम भरण्याच्या भानगडीत पडू नये. वेळेआधी जन्मलेलं एक बाळ आणि एक ल्युकेमियाचा पेशंट एवढ्यानेही वर्षाचं गणित कोलमडतं. मोठ्या ट्रस्टमध्ये प्लॅन हवा तसा शिवून मिळत नाही, पण झोप लागते.

ट्रस्ट बहुधा आयकर कायद्याच्या कलम ५०१(सी)(९) खाली, म्हणजे ‘व्हेबा’ (सभासदांच्या बेनिफिट्ससाठीचा करमुक्त ट्रस्ट) म्हणून काढला जातो. ट्रस्टी होणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की हे शोभेचं पद नाही. पैसा सभासदांचा आहे आणि निष्काळजीपणे वापरला तर ट्रस्टीच्या वैयक्तिक जबाबदारीचा प्रश्न येऊ शकतो. विश्वस्त म्हणून जबाबदारीचा विमा आणि अफरातफरीविरुद्धचा बाँड पहिल्या दिवसापासून हवा.

तपासा: सरकारी प्लॅनना एरिसा कायद्यातून (नोकरीतल्या बेनिफिट प्लॅनवरचा फेडरल कायदा) सूट असते. युनियनने काढलेला ट्रस्ट त्या सुटीत बसतो की नाही, हे तो कुणी आणि कसा स्थापन केला यावर अवलंबून असतं. वकिलाचं मत लेखी घ्या. हे उत्तर हातात असल्याशिवाय पुढच्या टप्प्यातली कागदपत्रं बनवू नका, कारण नोटिशी, अपिलाचे नियम, वार्षिक विवरणपत्रं सगळं त्यावर ठरतं.

## टप्पा २: डेटा मागवा, पण माणसं उघडी पाडू नका

शहराला द्यायच्या पत्रात हे मागा:

- मागच्या ३६ महिन्यांचे क्लेम, महिनावार; वैद्यकीय वेगळे, औषधांचे वेगळे, आणि त्या त्या महिन्यात किती लोक कव्हर होते तो आकडा.
- हे सगळं फक्त फायरफायटर आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वेगळं काढून, आणि सोबत पूर्ण शहराचंही.
- कव्हर असलेल्या लोकांची नावाशिवाय यादी: वय, लिंग, झिप कोड, एकटे-जोडपं-कुटुंब यांपैकी कोणता प्रकार.
- ठरावीक रकमेवरचे मोठे क्लेम, निदान आणि पुढचा अंदाज यांसह.
- प्लॅनचा मूळ दस्तऐवज (रंगीत माहितीपत्रक नव्हे) आणि क्लेम हाताळणारी कंपनी व औषधांची कंपनी यांच्याशी झालेल्या करारांतली नोटिशीची कलमं.

फायरफायटर वेगळे काढून का मागायचे? फायरफायटर सहसा बाकीच्या शहर कर्मचाऱ्यांपेक्षा तरुण असतात. ते बाहेर पडले की उरलेल्या गटाचा सरासरी खर्च वाढतो, आणि शहराचा विरोध बहुतेकदा इथूनच येतो. ही भीती खरी असू शकते. खरा आकडा टेबलावर असेल तर बोलणी होतात. नसेल तर दोन्ही बाजू अंदाजावर भांडत बसतात.

उलटही घडतं. फायरफायटरांचा खर्च शहरापेक्षा जास्त निघाला तर ‘आपण तरुण आहोत, आपल्याला स्वस्त पडेल’ हा सभेतला युक्तिवाद तिथेच संपतो. तो आत्ता संपलेला बरा.

सावध: मोठ्या क्लेमची यादी नावाशिवाय असली तरी चारशे घरांच्या युनियनमध्ये ‘वय ४४, किडनी ट्रान्सप्लांट’ एवढं वाचलं की सगळ्यांना कळतं कोण ते. ही यादी फक्त ॲक्चुअरी (विम्याचं गणित मांडणारा तज्ज्ञ) आणि स्टॉप-लॉस विमा (मोठ्या क्लेमपासून प्लॅनचं रक्षण करणारा) देणाऱ्या कंपनीकडे जावी, तीही हिपा या आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याप्रमाणे लेखी करार करून. कार्यकारिणीच्या ईमेलवर ती फिरता कामा नये. एकाच स्टेशनमध्ये चोवीस-चोवीस तास एकत्र राहणाऱ्या माणसांचं आजारपण असं चव्हाट्यावर आलं की पुढे कुणी खरं सांगत नाही.

## टप्पा ३: डोकी मोजा, सगळी

कामावर असलेले तर कुणीही मोजतं. सुटतात ते बाकीचे.

६५ च्या आतले निवृत्त. फायरफायटर बहुधा पन्नाशीतच निवृत्त होतात, म्हणजे मेडिकेअर मिळेपर्यंत दहा-बारा वर्षांची पोकळी. यांचा खर्च कामावरच्यांपेक्षा बराच जास्त. शहरात राहिले तर शहराचा गट महागतो, ट्रस्टमध्ये आले तर ट्रस्टचा. म्हणून दोन्ही बाजू हा विषय ‘नंतर बघू’ म्हणून टाळतात. टाळू नका. निवृत्तांचा निर्णय लागल्याशिवाय मतदान घेतलं तर तरुण सभासद मोठ्यांच्या जिवावर स्वस्त प्लॅन घेतात, हे माझं ठाम म्हणणं आहे.

६५ वरचे निवृत्त. सगळ्यांना मेडिकेअर आहे असं गृहीत धरू नका. राज्य आणि स्थानिक सरकारांच्या कर्मचाऱ्यांवर मेडिकेअर कर सक्तीचा झाला तो ३१ मार्च १९८६ नंतर नोकरीला लागलेल्यांसाठी. त्याआधी लागलेल्या काहींना मेडिकेअरचा भाग ‘ए’ (हॉस्पिटलचा विमा) फुकट मिळत नाही. संख्या थोडी असेल, पण एकेका माणसाचा खर्च मोठा. प्रत्येकाला वैयक्तिक विचारून खात्री करा.

कर्तव्यावर मृत्यू आलेल्यांच्या विधवा, विधुर आणि मुलं. राज्याच्या कायद्याने किंवा जुन्या ठरावाने त्यांचं कव्हरेज शहरावर बांधील असू शकतं. पेरोलमध्ये त्यांचं नाव नसतं, म्हणून पेरोलवरून केलेल्या यादीत ते येतच नाहीत.

कोब्रावर असलेले, म्हणजे नोकरी किंवा नातं सुटल्यावर स्वतः पैसे भरून जुनं कव्हरेज चालू ठेवणारे. नोकरी सुटली किंवा तास कमी झाले तर १८ महिने, घटस्फोट, मृत्यू किंवा मूल वयाबाहेर गेलं तर ३६ महिने. फायरफायटरांचा गट हलतो तेव्हा या लोकांचं कव्हरेज कोणता प्लॅन पुढे चालवणार, हे करारात लिहा.

याशिवाय सैनिकी रजेवरचे (त्यांना २४ महिन्यांपर्यंत कव्हरेज चालू ठेवण्याचा हक्क असतो), दीर्घ आजाराच्या रजेवरचे, कोर्टाच्या आदेशाने ज्यांच्या मुलांना कव्हर द्यायचं आहे ते, आणि नवरा फायरफायटर तर बायको शहराच्या लायब्ररीत अशी जोडपी. शेवटच्या गटासाठी नियम आधी ठरवा: कोण कुणाखाली, मुलं कुठे, आणि दोन्हीकडे असतील तर आधी कुठलं इन्शुरन्स भरणार. मुलांच्या बाबतीत बहुतेक प्लॅन ‘बर्थडे रूल’ लावतात. ज्या पालकाचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा प्लॅन पहिला. जन्मवर्ष धरत नाहीत.

तपासा: तीन याद्या बनवा: पेरोलची, शहराच्या प्लॅनची आणि पेन्शनची. तिन्ही एकमेकींवर ठेवून जी नावं एकाच यादीत आहेत ती बाजूला काढा. तंटे याच नावांवरून होतात.

## टप्पा ४: दोन्ही प्लॅन ओळीओळीने ताडून पाहा

डिडक्टिबल (प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला स्वतः भरायची रक्कम) आणि को-पे (दर भेटीला किंवा औषधाला द्यायची ठरावीक रक्कम) यांची तुलना सगळे करतात. त्याखाली उतरा. सभासद सर्वांत जास्त वापरतात ती हॉस्पिटलं नव्या नेटवर्कमध्ये आहेत का? सर्वांत महागडी औषधं नव्या यादीत कोणत्या पायरीवर आहेत? आधी परवानगी घ्यावी लागणारी औषधं कोणती?

फायरफायटरांच्या बाबतीत एक कलम सगळ्यात जपून वाचायचं: ‘कामामुळे झालेला आजार किंवा इजा या प्लॅनमध्ये येत नाही.’ जवळजवळ प्रत्येक हेल्थ प्लॅनमध्ये हे असतं, कारण ते वर्कर्स कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे कामावरच्या इजा-आजारांच्या वेगळ्या विम्याचं काम. आता पाहा काय होतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये फायरफायटरच्या कामाला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. अनेक राज्यांत फायरफायटरला ठरावीक कॅन्सर झाला तर तो कामामुळेच झाला असं गृहीत धरणारे कायदे आहेत. पण गृहीत धरलं म्हणजे पैसे लगेच आले असं नाही; शहर ते आव्हान देऊ शकतं आणि निकालाला महिने लागतात. तोवर हेल्थ प्लॅन म्हणतो ‘हे कामाचं आहे’, वर्कर्स कॉम्प म्हणतं ‘सिद्ध करा’, आणि केमोचं बिल घरी येतं.

यावर उपाय प्लॅनच्या दस्तऐवजात लिहायचा असतो: वर्कर्स कॉम्पचा दावा वादात असेल तोवर प्लॅन बिलं भरेल, आणि निकाल सभासदाच्या बाजूने लागला तर ते पैसे वर्कर्स कॉम्पकडून परत घेईल. युनियनचा स्वतःचा प्लॅन असण्याचा खरा फायदा असल्या कलमांत आहे. ते नसेल, तर प्लॅन बदलून काय साधलं हा प्रश्न ट्रस्टींना विचाराच.

मानसिक आरोग्याचं कव्हरेजही तेवढ्याच बारकाईने पाहा: फायरफायटरांबरोबर काम केलेले थेरपिस्ट नेटवर्कमध्ये किती आहेत, आणि ते नवे पेशंट घेतायत का. यादीत नाव असणं आणि अपॉइंटमेंट मिळणं या वेगळ्या गोष्टी. यादीतले काही नंबर स्वतः फिरवून बघा.

## टप्पा ५: पैसा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

शहराचा प्लॅन स्वतः क्लेम भरणारा असेल, तर बदलाच्या दिवशी एक अदृश्य देणं शिल्लक असतं. डिसेंबरमध्ये घेतलेल्या उपचारांची बिलं फेब्रुवारी-मार्चपर्यंत येत राहतात. झालेले पण अजून न आलेले हे क्लेम. ते कुणी भरायचे? नियम साधा ठेवा: उपचाराची तारीख ज्या प्लॅनच्या काळातली, त्या प्लॅनने भरायचं. आणि तो लेखी ठेवा.

आकार किती मोठा असतो याचा अंदाज यावा म्हणून उदाहरण. समजा ४०० कुटुंबं आहेत आणि दर कुटुंबामागे महिन्याला सरासरी २,००० डॉलरचे क्लेम येतात. म्हणजे महिन्याला ८ लाख डॉलर. असं शिल्लक देणं दोन महिन्यांच्या क्लेमइतकं धरलं तर १६ लाख डॉलर. शहर हे भरेल, पण ‘मग राखीव निधी आमचाच’ असं म्हणेल. युनियन म्हणेल, ‘त्या गंगाजळीत आमच्या सभासदांची वर्गणीही आहे.’ दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. उरलेली बिलं भागल्यावर शिल्लक राहिली तर तिचा वाटा कसा ठरवायचा, याचं सूत्र आत्ता लिहा. औषध कंपन्यांकडून उशिरा येणाऱ्या रिबेटचंही तेच.

ट्रस्टच्या बाजूला उलटं चित्र दिसतं, आणि फसवं दिसतं. पहिले दोन महिने क्लेम फार कमी येतात, कारण बिलं यायला वेळ लागतो. खात्यात पैसा साठतो. कुणीतरी म्हणतं, ‘बघा, किती स्वस्त पडतंय, वर्गणी कमी करू.’ तो पैसा शिल्लक नाही. पहिल्या वर्षीच्या आकड्यांवर वर्गणी कमी करण्याचा ठराव कुणी आणला तर ॲक्चुअरीला सभेत बोलवा.

स्टॉप-लॉस म्हणजे मोठ्या क्लेमपासून प्लॅनचं रक्षण करणारा विमा. त्यात तीन ठिकाणी पाय घसरतो:

१. मुदतीचा प्रकार. ‘१२/१२’ करारात त्याच १२ महिन्यांत झालेले आणि त्याच १२ महिन्यांत भरलेले क्लेमच धरतात. डिसेंबरमधलं ऑपरेशन आणि फेब्रुवारीत आलेलं बिल दोन्हींच्या फटीत पडतं. ‘१२/१५’ घेतलं तर वर्षानंतरचे तीन महिनेही येतात. फरकाचे पैसे द्या.

२. लेझर. विमा कंपनी एखाद्या आजारी माणसासाठी वेगळी, बरीच वरची मर्यादा लावते. कोटेशनमध्ये हप्ता कमी दिसतो आणि लेझर शेवटच्या पानावर असतो. तुलना करताना हप्ता अधिक लेझरमधली वाढीव जोखीम, असं धरा.

३. माहिती लपणं. कोटेशन आणि करार यांच्यामधल्या काळात कुणी गंभीर आजारी पडलं आणि ते कळवलं नाही, तर कंपनी नंतर क्लेम नाकारू शकते. सही करण्याच्या आदल्या आठवड्यात ताजी माहिती मागवा.

## टप्पा ६: करारातली भाषा

वाटाघाटीत शब्द ठरवताना माझा आग्रह तीन गोष्टींचा.

शहराची वर्गणी कशी वाढणार? ठोक रक्कम दिली की शहर खूश, पण वैद्यकीय महागाई दरवर्षी पुढे जाते आणि तूट सभासदांच्या पगारातून जाते. ‘शहराच्या इतर कर्मचाऱ्यांमागे जेवढी वर्गणी, तेवढीच’ हेही धोक्याचं, कारण उद्या शहराने इतरांचा प्लॅन पातळ केला तर तुमची वर्गणीही पातळ होते. दरवर्षी ठरावीक टक्के वाढ आणि तिला खालची-वरची मर्यादा, हे मला जास्त टिकाऊ वाटतं.

दुसरं, पैसे कधी जमा होणार. महिना सुरू होण्याआधी की नंतर? उशीर झाला तर व्याज? ट्रस्ट महिन्याच्या १ तारखेला कव्हरेज देतो आणि शहराचा चेक २० तारखेला येतो, तर ते १९ दिवस कुणाच्या खिशातून?

तिसरं, परतीचा रस्ता. ट्रस्ट चालला नाही तर फायरफायटरांना शहराच्या प्लॅनमध्ये परत घेणार का, किती महिन्यांच्या नोटिशीवर, आणि कोणत्या दराने? सगळं उत्साहात असताना हे लिहायला कुणाला आवडत नाही. पण लग्न टिकवायचं असलं तरी घराची कागदपत्रं नीट ठेवतातच की.

सावध: शहराच्या कॅफेटेरिया प्लॅनमध्ये, म्हणजे पगारातून करपूर्व कपातीची मुभा देणाऱ्या आयकर कायद्याच्या कलम १२५ च्या दस्तऐवजात, दुरुस्ती करून युनियनच्या प्लॅनचा हप्ता करपूर्व कापता येईल अशी तरतूद करा. हे राहिलं की पहिल्याच पगाराला हातात येणारे पैसे कमी होतात आणि दोष नव्या प्लॅनवर येतो.

निवृत्तांसाठी आणखी एक ओळ. सार्वजनिक सुरक्षेतल्या पात्र निवृत्तांना सरकारी पेन्शनमधून आरोग्यविम्याच्या हप्त्यापोटी वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत करसवलत मिळते. पूर्वी हप्ता पेन्शन फंडाने थेट भरावा लागे. ती अट डिसेंबर २०२२ अखेरच्या कायद्याने उठली. तरीही पेन्शन ऑफिस ट्रस्टच्या हप्त्याची कपात करायला तयार आहे का ते विचारून घ्या. निवृत्त माणसाला दरमहा चेक पाठवायला लावलं तर एखादा महिना राहतोच, आणि कव्हरेज तुटतं.

## टप्पा ७: आता तारीख

आधी कळस मग पाया होऊ नये म्हणून तारीख इथे आली.

शक्य असेल तर १ जानेवारी धरा. बहुतेक प्लॅनचं डिडक्टिबल तेव्हाच शून्यावर येतं. शहराचं आर्थिक वर्ष १ जुलै किंवा १ ऑक्टोबरला सुरू होत असेल तर फायनान्स विभाग ती तारीख मागेल. मान्य करावी लागली तर अट घाला: वर्षभरात जुन्या प्लॅनमध्ये भरलेलं डिडक्टिबल आणि खिशातून झालेला खर्च नव्या प्लॅनमध्ये जमा धरला जावा, आणि जुन्या कंपनीने ती फाइल बदलाच्या दिवसाआधी द्यावी. नुसतं तोंडी ‘देऊ’ चालणार नाही.

तारखेपासून मागे मोजत या: जुन्या कंपनीची नोटीस, कौन्सिलचा ठराव, फायद्यांच्या संक्षिप्त माहितीचं पत्रक, एनरोलमेंट, कार्डं छापणं. प्लॅनचं वर्ष चालू असतानाच फायद्यांमध्ये महत्त्वाचा बदल होत असेल तर त्या पत्रकाबाबत ६० दिवस आधी कळवण्याचा नियम आहे. मागे मोजत आल्यावर सुरुवातीचा दिवस कालचा निघाला, तर तारीख पुढे ढकला. ढकलण्यात कमीपणा काहीच नाही.

ठरवून टाकायच्या किचकट गोष्टी: ३१ डिसेंबरच्या रात्री जो हॉस्पिटलमध्ये भरती आहे त्याचं बिल डिस्चार्जपर्यंत कोण भरणार? दातांना अर्धवट लावलेल्या ब्रेसेसचं काय? गरोदर स्त्रियांचं काय? डॉक्टर बाळंतपणाचं बिल बहुधा शेवटी एकत्र लावतात. प्लॅन मध्येच बदलला तर आधीच्या तपासण्या वेगळ्या करून जुन्या प्लॅनला पाठवाव्या लागतात, आणि हे डॉक्टरच्या बिलिंग ऑफिसला पेशंटनेच आधी सांगितलेलं बरं.

## टप्पा ८: सभा, एनरोलमेंट आणि घरची कागदपत्रं

फायरफायटर बहुतेक ठिकाणी तीन शिफ्टमध्ये असतात. एकच सभा ठेवली तर एक शिफ्ट ड्युटीवर असते आणि दुसरी नुकती झोपायला घरी गेलेली. प्रत्येक शिफ्टसाठी स्टेशनवर वेगळी बैठक घ्या आणि मधेच कॉल येणार हे धरून चाला. गाडी बाहेर गेली की खोली रिकामी होते. परत आल्यावर पहिल्यापासून सांगायची तयारी ठेवा. घरच्यांसाठी संध्याकाळची एक ऑनलाइन बैठक वेगळी ठेवा, कारण डॉक्टर, औषधं, मुलांचे दात हे सगळं कुणाच्या डोक्यात असतं ते सर्वांना माहीत आहे.

‘काही केलं नाही तर आपोआप नव्या प्लॅनमध्ये जाल’ असं ठेवायचं, की प्रत्येकाने फॉर्म भरायचा? कामावरच्यांना आपोआप हलवणं सुरक्षित. पण अवलंबितांची कागदपत्रं प्रत्येकाकडून नव्याने लागतीलच, आणि इथे आपल्या घरांत हमखास अडतं:

- लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, सोशल सिक्युरिटी कार्डवर नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून. प्लॅनमध्ये सोशल सिक्युरिटी कार्डावरचंच नाव द्या आणि फरकाचा खुलासा सोबत जोडा.
- महाराष्ट्रातला जुना दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. ते आत्ताच करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात भाषांतर करून देणारं कुणी सापडत नाही.
- भारतातून आलेले आई-वडील अशा प्लॅनमध्ये सहसा अवलंबित धरले जात नाहीत. व्हिजिटर इन्शुरन्स वेगळं घ्यावं लागतं. सुनेने किंवा मुलाने ‘घातलं असेल’ असं समजून राहू नका.
- मुलं २६ वर्षांची होईपर्यंत कव्हर होतात. त्यांचं लग्न झालंय किंवा ती वेगळी राहतात, याने फरक पडत नाही.
- डिसेंबरमध्ये बाळ झालं तर त्याचं नाव जुन्या प्लॅनमध्ये मुदतीत (बहुधा ३० दिवस) घालावं लागतं आणि नव्यातही. फक्त नव्यात घातलं की जन्माच्या वेळचं हॉस्पिटलचं बिल लोंबकळतं.

जुना प्लॅन मोठ्या डिडक्टिबलचा आणि सोबत एचएसए (उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं) असेल, आणि नवा तसा नसेल, तर बदलाच्या महिन्यापासून एचएसएत पैसे टाकणं थांबवा. आत असलेले पैसे तुमचेच राहतात. एफएसए (उपचारांच्या खर्चासाठी पगारातून करपूर्व बाजूला काढलेले पैसे) वेगळा प्लॅन आहे, तो शहराकडेच राहणार की बंद होणार हे विचारा. बंद होणार असेल तर आधीच खर्च करा.

घरात नेहमीची औषधं असतील तर बदलाआधी शेवटची रिफिल घ्या, आणि आधी परवानगी लागणाऱ्या औषधांचा, चालू केमो-थेरपीचा किंवा ठरलेल्या ऑपरेशनचा ‘ट्रान्झिशन ऑफ केअर’ (चालू उपचार नव्या प्लॅनमध्ये न तोडता पुढे नेण्याचा) फॉर्म बदलाच्या आधीच भरा. जुन्या प्लॅनची परवानगी नव्याला आपोआप लागू होत नाही.

## टप्पा ९: फाइल आणि पेरोलची तालीम

शहराकडून ट्रस्टकडे जाणारी ८३४ एनरोलमेंट फाइल (कोण कव्हर आहे ते कळवणारी ठरावीक साच्यातली संगणकी यादी) खऱ्या डेटावर निदान दोनदा पाठवून पाहा. मोजणी जुळली एवढ्यावर थांबू नका. टप्पा ३ मधली अवघड नावं एकेक उघडून बघा: ती विधवा आहे का, कोब्रावरचा माणूस आहे का, दोघंही शहरात असलेलं जोडपं दोनदा आलंय का. मग ट्रस्टकडून औषधांच्या कंपनीकडे जाणारी फाइलही तपासा. काउंटरवर ‘कव्हरेज दिसत नाही’ येतं ते बहुधा याच दुसऱ्या फाइलमुळे.

पेरोलमध्ये जुनी कपात कोणत्या पगारात थांबते आणि नवी कोणत्या पगारात सुरू होते, ते एका कागदावर लिहा. वर्षाला २६ पगार आणि २४ कपाती असतील तर वर्षातल्या दोन महिन्यांत तीन पगार येतात आणि तिथे चुकून जादा कपात होऊ शकते. नवा कोड करपूर्व आहे ना, हे एका खऱ्या पगारपत्रकावर पाहून खात्री करा. वर्षअखेर १०९५ फॉर्म (कुणाला कव्हरेज होतं ते सांगणारा कराचा फॉर्म) कोण काढणार आणि कोणत्या कुटुंबांचे, हेही आत्ताच ठरवा.

## टप्पा १०: पहिले तीन महिने

युनियन ऑफिसात एक माणूस आणि एक फोन नंबर फक्त अडलेल्या सभासदांसाठी ठेवा. फार्मसीत अडलेल्याला त्याच दिवशी मार्ग मिळाला पाहिजे. क्लेम हाताळणाऱ्या कंपनीकडून आधीच कबूल करून घ्या की फोनवर खात्री पटल्यावर काही दिवसांचं औषध तातडीने सुटेल.

दर आठवड्याला शहर, ट्रस्ट आणि क्लेम कंपनी यांची छोटी बैठक ठेवा. विषय तीनच: कुणाचं नाव नाही, कुणाचं बिल चुकीच्या प्लॅनला गेलं, कुणाची कपात चुकली. चुकीच्या प्लॅनला गेलेली बिलं परत पाठवताना क्लेम दाखल करायची मुदत निघून जाते, त्यामुळे मुदत संपली तरी अशी बिलं नाकारायची नाहीत असं दोन्ही प्लॅनकडून लिहून घ्या.

ट्रस्ट स्वतः क्लेम भरत असेल तर पेशंट-केंद्रित संशोधनासाठीची फेडरल फी ३१ जुलैपर्यंत फॉर्म ७२० वर भरावी लागते. जो ट्रस्टी खजिनदार आहे त्याच्या कॅलेंडरवर ती तारीख आजच टाका. आणि टप्पा ५ मधल्या सूत्राप्रमाणे शहराच्या उरलेल्या क्लेमचा हिशेब बारा महिन्यांनी बंद करायची बैठकही, दोन्ही बाजूंच्या ॲक्चुअरींसह, आताच ठरवून ठेवा. वर्ष उलटलं की माणसं बदलतात आणि ते सूत्र कुणी लिहिलं होतं, हे सांगायलाही कुणी उरत नाही.